ऑनलाइन भूमिका-खेळांतील शस्त्रांचे रंग : श्रम, निवड आणि विक्री यांचा इतिहास

प्रस्तावना :

संगणकावरील खेळ हा इतिहासलेखनाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न महाविद्यालयीन वर्तुळात अद्यापही विचारला जातो. एकेकाळी चित्रपटाविषयीही हाच प्रश्न विचारला जात होता. ज्या ठिकाणी हजारो माणसे एकाच वेळी वावरतात, वर्षानुवर्षे श्रम करतात, देवाणघेवाण करतात, प्रतिष्ठा मिळवितात व गमावितात, त्या ठिकाणाला इतिहास असतो. मग ते ठिकाण दगडविटांचे नसून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असले तरी त्याने फरक पडत नाही. १९९७ नंतर जगभर रुजलेले ऑनलाइन भूमिका-खेळ, म्हणजेच ज्यांना सर्वसाधारणपणे 'ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम' म्हटले जाते, ही अशीच ठिकाणे होत. या खेळांत खेळणारा एक पात्र धारण करतो, त्या पात्राला नाव, पोशाख व शस्त्र देतो आणि त्याच नावाने इतरांमध्ये ओळखला जातो.

प्रस्तुत लेखात या विस्तीर्ण विषयातील एकच बारीक धागा हाती घेतला आहे. तो म्हणजे शस्त्राचा रंग. रंग बदलल्याने तलवारीची धार वाढत नाही की बाण दूर जात नाही. तरीही एखाद्या विशिष्ट छटेच्या पात्यासाठी खेळाडूंनी शेकडो तास घालविले, रोख पैसे मोजले आणि प्रसंगी कंपन्यांशी जाहीर वाद घातले. याचे कारण असे की, शस्त्राचा रंग ही परक्याच्या नजरेला दुरून दिसणारी पहिली खूण असते. ही खूण कोणी ठरवावयाची? ज्या धातूचे शस्त्र बनले त्या धातूने, ते मिळविण्यासाठी झालेल्या श्रमाने, धारण करणाऱ्याच्या आवडीने, की खिशातील पैशाने? गेल्या पाव शतकात या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली, आणि प्रत्येक बदलात कोणाचे तरी काहीतरी हिरावले गेले.

रंग बदलण्याचे तंत्र :

आरंभी तंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या इतिहासातील बरेच काही तंत्राच्या काटकसरीतून जन्मले आहे. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' या खेळात दुसरा खेळाडू म्हणून आलेला लुइजी हा मूळ मारिओचेच चित्र, केवळ रंग बदललेले, असा होता. स्मृती महाग होती आणि नवे चित्र काढण्यापेक्षा जुन्याचे रंग बदलणे स्वस्त होते. एकाच साच्यातून अनेक वस्तू निर्माण करण्याची ही युक्ती ऑनलाइन खेळांनी वारसाहक्काने घेतली.

सप्टेंबर १९९७ मध्ये ओरिजिन सिस्टम्स या अमेरिकन कंपनीने रिचर्ड गॅरियट यांच्या कल्पनेतून उभा केलेला 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील रंगयोजना अभ्यासण्यासारखी आहे. खेळाच्या एका फाइलमध्ये ३००० रंगपट्ट्या साठविलेल्या असत व प्रत्येक पट्टीत गडद ते फिकट अशा ३२ छटा असत. एखाद्या वस्तूला रंग द्यावयाचा म्हणजे तिच्या चित्रातील प्रत्येक बिंदूची उजळता पाहून त्या जागी निवडलेल्या पट्टीतील तेवढ्याच उजळतेची छटा बसवावयाची. काही वस्तूंबाबत तर केवळ करड्या बिंदूंनाच रंग लागे व उरलेले बिंदू जसेच्या तसे राहत. मूळ चित्रकाराने वस्तूचा कोणता भाग करडा ठेवला आहे, यावर खेळाडूच्या हौसेची हद्द ठरत असे. सुमारे २००० नंतर त्रिमितीय आलेखनाची प्रोग्रॅम करता येणारी साधने घरगुती संगणकांत आली. तेव्हा हेच काम 'मास्क' नावाच्या पूरक चित्राने होऊ लागले. त्या मास्कवर कोणता भाग पात्याचा, कोणता मुठीचा आणि कोणता नक्षीचा हे आधीच आखलेले असते, आणि खेळाडूने निवडलेला रंग त्या त्या भागावर चढतो. तंत्र बदलले तरी तत्त्व तेच राहिले. खेळाडूच्या निवडीची चौकट दुसऱ्या कोणीतरी आधीच आखलेली असते.

रंग म्हणजे धातू :

'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये कापड रंगविण्यासाठी रंगाचे कुंड मिळत असे. कुंडात रंग कालवावा आणि ते कपड्यावर वापरावे, असा साधा विधी होता. लोखंडी तलवार मात्र या कुंडात बुडविता येत नसे. धातूचा रंग बदलावयाचा तर धातूच बदलावा लागे आणि त्यासाठी खाणीत उतरावे लागे. खाणकामाच्या कौशल्याला खेळात गुण होते. ६५ गुणांना 'डल कॉपर', ७० ला 'शॅडो आयर्न', ७५ ला 'कॉपर', ८० ला 'ब्राँझ', ८५ ला 'गोल्ड', ९० ला 'अ‍ॅगापाइट', ९५ ला 'व्हेराइट' आणि ९९ ला निळसर 'व्हॅलोराइट' अशी ही उतरंड होती. निळे चिलखत घातलेला माणूस वाटेत दिसला की, त्याने स्वतः किंवा त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी डोंगराच्या पायथ्याशी बसून किती काळ कुदळ मारली असेल, हे पाहणाऱ्यास अंदाजाने कळत असे.

फेब्रुवारी २००३ मधील 'एज ऑफ शॅडोज' या विस्तारात रंगीत धातूंना शस्त्रांच्या बाबतीतही अर्थ प्राप्त झाला. ब्राँझच्या शस्त्राच्या आघातातील ४० टक्के भाग अग्नीचा, तर शॅडो आयर्नच्या शस्त्रातील २० टक्के भाग शीताचा मानला जाऊ लागला. येथे रंग नुसता शोभेचा राहिला नाही. तो शस्त्राच्या अंगभूत गुणाचा पुरावा झाला. समोरच्याच्या हातातील पात्याचा रंग पाहून कोणते चिलखत घालावे, हे ठरविणे शक्य झाले.

जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू गोवर यांनी सुरू केलेल्या 'रूनस्केप' या खेळात हीच कल्पना अधिक सरळ स्वरूपात दिसते. हा खेळ ब्राउझरमध्ये चाले आणि टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या मंद इंटरनेटवरही तो उतरवून घेता यावा लागे. साहजिकच तलवारीचा आकार एकच आणि रंग अनेक, असा मार्ग निवडला गेला. तपकिरी ती ब्राँझची, गडद निळी ती मिथ्रिलची, हिरवी ती अ‍ॅडमंटची, आकाशी ती रूनची. नवखा खेळाडू काही दिवसांतच ही रंगमालिका पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर विसरत नाही. आकाराने न सांगितलेली प्रत्येक गोष्ट येथे रंगाने सांगितली आहे. इंटरनेटच्या मंदपणामुळे एक सामाजिक श्रेणीव्यवस्था इतक्या ठळकपणे डोळ्यांना दिसू लागावी, ही मोठी मौजेची गोष्ट म्हणावी लागेल.

याच संदर्भात काळ्या रंगाचा उल्लेख करावयास हवा. 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये निव्वळ काळ्या रंगाचे कुंड दीर्घकाळ वर्गणी भरणाऱ्या जुन्या खेळाडूंना बक्षीस म्हणून दिले जाई. २००५ च्या 'गिल्ड वॉर्स'मध्ये काळा रंग हा सर्व रंगांत महाग होता. २०१३ मध्ये नव्याने उभारलेल्या 'फायनल फँटसी १४'मध्ये गर्द काळा आणि शुभ्र पांढरा हे दोन रंग दुर्मीळ ठेवले गेले. तीन देशी-परदेशी कंपन्यांनी, वेगवेगळ्या काळात, काळ्यालाच मोल चढवावे हा निव्वळ योगायोग नसावा. त्याचे एक कारण दृश्य स्वरूपाचे दिसते. इतर रंगांत चित्राच्या मूळ छटा डोकावत राहतात, निव्वळ काळ्यात त्या बुडून जातात आणि वस्तू आजूबाजूच्या सर्व वस्तूंहून वेगळी उठून दिसते. दुसरे कारण बाजाराचे आहे. जे सर्वांना हवे ते थोडेच सोडावयाचे, हे गणित कंपन्यांना फार लवकर उमगले होते.

रंग म्हणजे जोखीम :

दक्षिण कोरियातील खेळांनी रंगाला वेगळा अर्थ दिला. २००१ मध्ये वेबझेन या कंपनीचा 'म्यू ऑनलाइन' हा खेळ सुरू झाला. तेथील 'पीसी बांग' म्हणजे भाड्याने संगणक मिळणाऱ्या जागांत असे खेळ रात्रंदिवस खेळले जात. आपल्याकडील त्या काळच्या सायबर कॅफेंचे हे सख्खे भावंड. 'म्यू'मध्ये शस्त्राला पायरीपायरीने वर चढविता येई. 'ज्वेल ऑफ ब्लेस' या मण्याने सहाव्या पायरीपर्यंत निर्धोकपणे जाता येई. तेथून नवव्या पायरीपर्यंत 'ज्वेल ऑफ सोल' वापरावा लागे, पण त्याचे यश जवळपास नाणेफेकीसारखे होते. अपयश आले की शस्त्र खाली घसरे. नवव्या पायरीच्या पुढे जावयाचे असल्यास ते 'केऑस मशीन'मध्ये घालावे लागे आणि तेथे अपयश आले तर शस्त्रच नष्ट होई.

या चढणीचा हिशेब शस्त्राच्या रंगावर उमटत असे. तिसऱ्या, पाचव्या व सातव्या पायरीला पात्याची छटा बदले आणि त्यापुढे त्याला अधिकाधिक झळाळी येई. झळकणारे पाते खांद्यावर घेऊन बाजारचौकात उभा राहिलेला खेळाडू प्रत्यक्षात असे सांगत असे की, 'मी हे गमाविण्याची तयारी ठेवली आणि ते टिकले.' खाणीतील रंग चिकाटीची खूण होता, तर ही झळाळी धाडसाची, खरे तर दैवाची, खूण होती. दैवाने मिळालेल्या गोष्टीला श्रमाने मिळालेल्या गोष्टीइतकाच मान मिळावा काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. पुढे रंग पैसे घेऊन सोडतीत काढले जाऊ लागले, तेव्हा या सवयीचा उपयोग कंपन्यांना झाला.

प्रकाशाच्या तलवारीचे प्रकरण :

शस्त्राच्या रंगाला केवळ खेळातच नव्हे, तर खेळाबाहेरच्या कथेतही अर्थ असला म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हे आहे. या चित्रपटमालिकेतील 'लाइटसेबर' म्हणजे प्रकाशाचे पाते असलेली तलवार. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात सज्जनांची निळी आणि दुर्जनाची तांबडी अशी विभागणी होती. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात नायकाची नवी तलवार हिरवी झाली, कारण वाळवंटातील निळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर निळे पाते उठून दिसत नव्हते. २००२ च्या चित्रपटात सॅम्युअल एल. जॅक्सन या अभिनेत्याने जांभळी तलवार मागून घेतली. मोठ्या युद्धप्रसंगात गर्दीतून आपण ओळखू यावे, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणजे ज्या रंगांमागे पुढे चाहत्यांनी तत्त्वज्ञान शोधले, त्यांतील एक रंग छायाचित्रणाच्या अडचणीतून व दुसरा अभिनेत्याच्या हौसेतून आला होता. शस्त्राचा रंग आपल्याला गर्दीतून वेगळे काढतो, हे जे जॅक्सन यांना कळले तेच लक्षावधी खेळाडूंनाही कळले होते.

सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या कंपनीने जून २००३ मध्ये 'गॅलक्सीज' सुरू केला. त्यात सर्वांनाच लाइटसेबर मिळत नसे. 'जेडाय' होण्याचा मार्ग गुप्त ठेवलेला होता. वेगवेगळे व्यवसाय शेवटपर्यंत शिकल्यावर, कोणालाही ठाऊक नसलेल्या क्रमाने, तो मार्ग उघडत असे. पहिला जेडाय प्रकट होण्यास नोव्हेंबर २००३ उजाडला. त्यानंतरही संकट संपत नसे. जेडायने चारचौघांत तलवार उपसली की तो दिसू लागे आणि दिसू लागला की त्याच्या मागावर इतर खेळाडूंमधील शिकारी सोडले जात. आरंभीच्या काळात तर ठरावीक वेळा मरण आल्यास ते पात्र कायमचे नाहीसे होई. तलवारीत जो रंगीत स्फटिक बसवावयाचा, त्याने पात्याचा रंग ठरे. असा स्फटिक बसविलेले पाते उघड्यावर काढणे म्हणजे महिनोन्महिन्यांची मेहनत आणि जिवाची जोखीम एकाच क्षणी जगासमोर मांडणे होते. शस्त्राच्या रंगाला याहून अधिक वजन दुसऱ्या कोणत्याही खेळात क्वचितच लाभले असेल.

१५ नोव्हेंबर २००५ रोजी 'न्यू गेम एन्हान्समेंट्स' या नावाने कंपनीने खेळाची घडणच बदलली. त्या दिवसापासून नवीन येणारा कोणीही पहिल्याच क्षणी जेडाय हा व्यवसाय निवडू शकत होता. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी विकल्या गेलेल्या विस्ताराचे पैसे परत करण्याची वेळ कंपनीवर आली, इतका रोष उसळला. या रोषाकडे पुष्कळदा हट्टी चाहत्यांचा गोंगाट म्हणून पाहिले जाते. ते न्याय्य नाही. जुन्या जेडायच्या हातातील पाते त्या रात्री होते तसेच राहिले. त्याचा रंग बदलला नाही, त्याची धारही कोणी काढून घेतली नाही. काढून घेतला गेला तो त्या रंगाचा अर्थ. दुसऱ्या दिवशी चौकात तशीच पन्नास पाती चमकू लागली आणि त्यांतील कोणते एका रात्रीत मिळाले व कोणते दोन वर्षांत, हे सांगण्याची सोय उरली नाही. मिळकतीवर नव्हे तर मिळकतीच्या साक्षीवर घाला पडला, असे या घटनेचे वर्णन करता येईल. हा खेळ १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला.

रंग म्हणजे आवड :

याच सुमारास दुसरा विचारप्रवाह बळावत होता. एप्रिल २००४ मध्ये आलेल्या 'सिटी ऑफ हिरोज' या खेळात खेळाडू स्वतःचा अतिमानवी नायक निर्माण करीत असे आणि त्याच्या पोशाखाची व रंगांची निवड हेच त्या खेळाचे मोठे आकर्षण होते. आश्चर्य म्हणजे पोशाखाला इतकी मोकळीक देणाऱ्या या खेळात आरंभी शस्त्रे मात्र ठरलेली होती. सर्वांच्या हाती त्याच त्या तलवारी. नोव्हेंबर २००७ मधील अकराव्या आवृत्तीत शस्त्रांचे रूप निवडण्याची मुभा मिळाली आणि सप्टेंबर २००९ मधील सोळाव्या आवृत्तीत पात्राच्या शक्तींनाही, म्हणजे हातातून निघणाऱ्या ज्वाळांना व विजांनाही, हवा तो रंग देता येऊ लागला. जांभळी आग किंवा हिरवी वीज यांतून खेळात कोणताही लाभ होत नव्हता. तरीही पाच वर्षे खेळाडू याचीच मागणी करीत होते.

येथे रंगाचा संबंध श्रमाशी उरला नाही, तो कल्पनेशी जोडला गेला. खाणीतील रंगाचा अर्थ 'मी काय केले' असा होता. येथे तो 'मी कोण आहे' असा झाला. या दोन अर्थांत उच्चनीच ठरविण्याचे कारण नाही. मात्र एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. दुसरा अर्थ रूढ झाला की पहिला आपोआप क्षीण होतो. सर्वांना सर्व रंग उपलब्ध असतील तर कोणताही रंग साक्ष देऊ शकत नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ मध्ये आलेल्या आणि या प्रकारात सर्वाधिक गाजलेल्या खेळाने या दोहोंत तडजोड शोधण्याचा प्रयत्न दीर्घकाळ केला. तेथे आरंभी वस्तूचे रूप बदलताच येत नसे. २००७ च्या विस्तारात नव्या वस्तूंचे रंग एकमेकांशी इतके विजोड होते की, सामर्थ्यवान पात्रे विदूषकासारखी दिसत आणि तशी थट्टा खेळाडू स्वतःच करीत. २९ नोव्हेंबर २०११ रोजी 'ट्रान्समॉग्रिफिकेशन' ही सोय आली. तिच्यामुळे एका शस्त्राचे सामर्थ्य ठेवून त्यावर दुसऱ्या, स्वतः मिळविलेल्या, शस्त्राचे रूप चढविता येऊ लागले. २०१४ मध्ये शस्त्रावरील मंत्राची झळाळीही अशीच बदलता येऊ लागली. यातील 'स्वतः मिळविलेल्या' ही अट महत्त्वाची होय. निवड मोकळी, पण निवडीचे भांडार श्रमाने भरावयाचे, असा हा मध्यममार्ग होता.

छत्तीस शस्त्रे, चार छटा :

या मध्यममार्गाचे सर्वांत काटेकोर रूप ३० ऑगस्ट २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'लीजन' या विस्तारात दिसते. त्यात प्रत्येक कौशल्यशाखेला एक अशी ३६ नामांकित शस्त्रे दिली गेली. प्रत्येक शस्त्राची सहा रूपे होती व प्रत्येक रूपाच्या चार रंगछटा. एकाच तलवारीचे २४ रंगाविष्कार आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला वेगळी अट. उदाहरणार्थ, शस्त्राचे 'गुप्त' रूप मिळाल्यावर त्याच्या उरलेल्या तीन छटांसाठी अनुक्रमे ३० भुयारी मोहिमा, २०० जागतिक कामगिऱ्या आणि १००० विरोधी खेळाडूंचा पाडाव असे निकष होते. भुयारात रमणारा, भटकणारा आणि लढणारा असे खेळाडूंचे तीन स्वभाव रंगावरून ओळखता यावेत, अशी ही योजना होती. इतकी तपशीलवार रंगनोंद या क्षेत्रात त्यापूर्वी झाली नव्हती.

पाचवे रूप 'आव्हानाचे' होते. मार्च २०१७ मध्ये 'मेज टॉवर' या मनोऱ्यात एकट्याने लढावयाच्या सात लढती ठेवल्या गेल्या. साथीदार नाहीत, उसने सामर्थ्य नाही. आपल्या शाखेचे कौशल्य पुरते अंगवळणी पडल्याशिवाय यश नाही. अनेकांनी एकेका लढतीसाठी शंभराहून अधिक प्रयत्न केले. जुलै २०१८ मध्ये पुढील विस्ताराच्या तोंडावर मनोरा बंद झाला आणि ते रूप नव्याने मिळविण्याचा मार्गही बंद झाला. ज्यांनी पहिली छटा मिळविली होती त्यांना उरलेल्या छटा मात्र पुढेही मिळविता येत होत्या.

डिसेंबर २०२१ मध्ये हा मनोरा बदललेल्या स्वरूपात पुन्हा उघडला, तेव्हा जुना वाद उफाळून आला. मूळ शस्त्ररूपे पुन्हा द्यावीत काय? एक पक्ष म्हणे की, २०१७ मध्ये जे लहान होते, आजारी होते किंवा खेळातच नव्हते त्यांनी काय पाप केले? दुसरा पक्ष म्हणे की, पुन्हा दिले तर पहिल्यांच्या मेहनतीला अर्थ उरणार नाही. २००५ ची आठवण असणाऱ्या कोणालाही हा दुसरा युक्तिवाद परिचित वाटेल. ब्लिझार्ड कंपनीने मूळ शस्त्ररूपे परत दिली नाहीत. त्यांच्याऐवजी जुन्या चिलखतांच्या नव्या रंगातील आवृत्त्या बक्षीस ठेवल्या, आणि अस्वलाचे रूप घेणाऱ्या एका शाखेला जुन्याच रूपाची नवी छटा दिली. आकार तोच, रंग वेगळा. त्यामुळे कोणी केव्हा मिळविले हे दुरूनही कळावे. एका रंगाच्या फरकात दोन पिढ्यांचा तंटा मिटविण्याचा हा प्रयत्न 'न्यू गेम एन्हान्समेंट्स'पेक्षा कितीतरी शहाणपणाचा होता, यात शंका नाही. मात्र उशिरा आलेल्यांची तक्रार त्याने मिटली असे म्हणणे धाडसाचे होईल.

रंग म्हणजे माल :

रूप विकण्याची कल्पना कोरियात आधी रुजली होती. २००३ मधील 'मेपलस्टोरी'त रोख पैशाच्या दुकानातून घेतलेले शस्त्र खऱ्या शस्त्रावर केवळ दिसण्यापुरते चढविता येत असे. पाश्चात्त्य खेळाडूंना मात्र एप्रिल २००६ मध्ये एकट्याने खेळावयाच्या 'ऑब्लिव्हियन'मधील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकावयास काढले, तेव्हा धक्का बसला व पुष्कळ टवाळीही झाली. टवाळी विरली आणि विक्री उरली. डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक' या खेळात पात्याचा, तसेच बंदुकीतून सुटणाऱ्या किरणाचा, रंग स्फटिकावरून ठरतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये खेळ विनामूल्य झाला आणि त्याचबरोबर उघडलेल्या दुकानात हे स्फटिक पैशाने, तसेच सोडतीच्या पुडक्यांतून मिळू लागले. ज्या स्फटिकासाठी नऊ वर्षांपूर्वीचा जेडाय जिवावर उदार होत असे, तो आता दुकानाच्या फळीवर होता.

सप्टेंबर २०१७ मधील 'डेस्टिनी २' या नेमबाजी व भूमिका-खेळ यांच्या मिश्रणात हा व्यवहार उघडा पडला. मूळ 'डेस्टिनी'त 'शेडर' नावाचा रंगसंच एकदा मिळाला की कितीही वेळा वापरता येई. नव्या खेळात तो शस्त्रांवरही चढविता येऊ लागला, ही वाढीव सोय होती. पण आता प्रत्येक वापरात एक नग खर्ची पडे. शस्त्र बदलले की रंग गेला. तोच रंग पुन्हा हवा तर पुन्हा मिळवा, किंवा पैसे देऊन घेतलेल्या सोडतीत तो निघेल अशी आशा करा. खेळाचे दिग्दर्शक ल्यूक स्मिथ यांनी याचे समर्थन केले की, शेडर हे आता बक्षीस असून ते शोधण्यात गोडी आहे. हा युक्तिवाद श्रमाच्या भाषेतला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पण व्हॅलोराइटचा निळा रंग एकदा मिळाला की मालकाचा होत असे. येथे श्रमाची भाषा ठेवून मालकी काढून घेतली गेली होती. खेळाडूंनी हे नेमके ओळखले. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने काही खेळांतील पैशाच्या सोडती जुगारात मोडतात असा निष्कर्ष काढला. या क्षेत्रात सरकारने लक्ष घातल्याची ती महत्त्वाची घटना होय. 'डेस्टिनी २'मध्ये नोव्हेंबर २०२० पासून शेडर पुन्हा कायमस्वरूपी झाले.

साधनांविषयी :

या इतिहासाची साधने कोणती? कंपन्या प्रत्येक सुधारणेबरोबर जी टिपणे प्रसिद्ध करतात, ती तारखा व तपशील यांच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहेत. परंतु ती दरबारी बखरीसारखी वाचावी लागतात. त्यांत काय दिले गेले हे ठसठशीतपणे येते; काय काढून घेतले गेले हे मात्र 'समतोल साधला' अशा एखाद्या वाक्यात दडलेले असते. दुसरे साधन म्हणजे खेळाडूंनी घेतलेली पडद्याची चित्रे व ध्वनिचित्रफिती. त्यांत रंग दिसतो, पण तो मिळविण्याचा अनुभव दिसत नाही. तिसरे आणि मूळ साधन, म्हणजे ते शस्त्र, सर्व्हर बंद होताच नाहीसे होते. तोफखान्यातील गंजलेली तोफ निदान हाताला लागते. येथे गंजसुद्धा मागे राहत नाही. खेळ सुरू करताना स्वीकाराव्या लागणाऱ्या करारात खेळाडूला वापराचा परवाना मिळतो, वस्तूची मालकी नाही, हे कलम या संदर्भात अभ्यासकाने विसरता कामा नये.

'सिटी ऑफ हिरोज' बंद करण्याची घोषणा एनसीसॉफ्ट या कंपनीने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी केली. खेळाडूंनी खेळाच्याच चौकात जमून, पात्रांच्या हाती मशाली देऊन, निषेध नोंदविला. काहींनी पात्रांची माहिती सर्व्हरवरून उतरवून घेण्याची साधने घाईघाईने तयार केली. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर थांबले. एप्रिल २०१९ मध्ये असे उघड झाले की, हा खेळ एका लहान गटाने वर्षानुवर्षे गुप्तपणे चालू ठेवला होता. त्यावरून मोठी खळबळ उडाली आणि त्यातूनच 'होमकमिंग' नावाचा सर्व्हर सर्वांसाठी खुला झाला. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्याला अधिकृत परवाना दिला. परतलेल्या खेळाडूंपैकी बहुतेकांना आपली पात्रे नव्याने घडवावी लागली. जुनी चित्रे समोर ठेवून, रंगांच्या चौकटीतील एकेक चौकोन निवडून, बारा वर्षांपूर्वीच्या त्या तलवारीचा नेमका निळा कोणता होता, हे ते जुळवून पाहत होते.